अनड्युलेटर रिंगमध्ये बसवण्याआधी: बीमचा हिशोब घरच्या लॅपटॉपवर, पायरीपायरीने

"सर, उभी ट्यून ०.०१६१ने सरकली," असं म्हणत बार्शीहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. (ट्यून म्हणजे रिंगच्या एका फेरीत इलेक्ट्रॉन आपल्या मूळ मार्गाभोवती किती वेळा डोलतो तो आकडा.) आलेख देखणा होता, प्रोग्रॅमने एकही तक्रार केली नव्हती. माझ्यापुढच्या पाठकोऱ्या कागदावर मात्र ०.००१९३ लिहिलेलं होतं. एकाला दुसऱ्याने भागलं, उत्तर आलं ८.३४ आणि चूक कुठे आहे ते प्रोग्रॅम पुन्हा न चालवताच कळलं. कसं ते किक मॅपच्या पायरीवर सांगतो.

सोलापुरात पदार्थविज्ञान शिकवताना एमएस्सीच्या प्रकल्पाला काय द्यायचं, ही दरवर्षीची पंचाईत. चांगली उपकरणं महाग, आणि जी असतात त्यातलं अर्धं दुरुस्तीच्या वाटेवर. सिंक्रोट्रॉन तर थेट इंदूरला, राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात. पण मशीन इंदूरला असलं तरी त्याच्या बीमचं गणित अक्कलकोट रोडच्या भाड्याच्या खोलीतही होतं. लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरतो. इंटिग्रेशन आणि थोडं पायथन येत असेल तर पुढचं सगळं तुम्हाला जमेल.

प्रश्न नीट मांडून घ्या

सिंक्रोट्रॉनच्या साठवण रिंगमध्ये इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. वळणावरचे चुंबक त्यांना वळवतात, क्वाड्रुपोल त्यांना एकवटून ठेवतात, सेक्स्टुपोल ऊर्जेतल्या फरकाचा दोष सावरतात. वळणांच्या मध्ये सरळ तुकडे असतात. त्यात उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण अशा चुंबकांच्या दोन रांगा समोरासमोर बसवल्या की इलेक्ट्रॉन नागमोडी चालतो आणि प्रखर प्रकाश देतो. क्षेत्र बेताचं असेल तर तो अनड्युलेटर, जबर असेल तर विगलर. दोघांना मिळून इन्सर्शन डिव्हाइस म्हणतात.

प्रयोग करणाऱ्याला त्यातून येणाऱ्या प्रकाशाशी देणंघेणं. रिंग चालवणाऱ्याला मात्र हा घरात आलेला पाहुणा वाटतो: रिंगची मांडणी त्याच्याशिवाय ठरलेली असते आणि त्याने यावं, राहावं, पण घराची घडी विस्कटू नये, एवढीच अपेक्षा. ही घडी चार ठिकाणी विस्कटू शकते. बीमची कक्षा सरकते, ट्यून आणि बीटा फंक्शन (बीम रिंगमध्ये कुठे किती फुगतो ते सांगणारा आकडा) बदलतात, इलेक्ट्रॉन ज्या भागात टिकून राहतात तो आकसतो, आणि ऊर्जेचा खर्च वाढतो. मॉडेलिंग म्हणजे या चारही गोष्टी किती होतील ते आधीच आकड्यात सांगणं.

उदाहरणासाठी इंदूरची इंडस-२ ही रिंग धरू: ऊर्जा २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट), परीघ १७२.४७ मीटर. अनड्युलेटर मात्र माझा सरावापुरता, इंदूरला बसवलेल्या खऱ्या अनड्युलेटरचे हे आकडे नव्हेत. पिरियड, म्हणजे उत्तर-दक्षिणची एक पूर्ण जोडी, ५ सेंटिमीटर, असे ४० पिरियड, म्हणजे लांबी २ मीटर. वरच्या आणि खालच्या रांगेत गॅप १६ मिलिमीटर. जिथे तो बसवायचा तिथे उभ्या दिशेचा बीटा ३ मीटर धरू.

पहिली पायरी: कागद आणि पेन

ही पायरी मुलं हमखास गाळतात. माझ्याकडे हा कागद भरल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही असा दंडक आहे, आणि तो पोरांना जाचक वाटतो हेही मला ठाऊक आहे.

आधी बीम किती 'ताठ' आहे ते काढा. ३.३३५६ ला जीईव्हीमधल्या ऊर्जेने गुणलं की चुंबकीय ताठरपणा टेस्ला-मीटरमध्ये मिळतो: ३.३३५६ × २.५ = ८.३४. पडताळाही सोपा आहे. इंडस-२च्या वळणचुंबकांचं क्षेत्र सुमारे १.५ टेस्ला आणि वळणाची त्रिज्या ५.५५ मीटर, गुणाकार ८.३ येतो. हा ८.३४ लक्षात ठेवा.

मग अनड्युलेटरचं क्षेत्र. क्लाउस हालबाख यांनी सुचवलेल्या रचनेत एका पिरियडमध्ये कायमचुंबकाचे चार ठोकळे असतात आणि प्रत्येकाची चुंबकीय दिशा आधीच्यापेक्षा ९० अंशांनी फिरलेली असते. ठोकळ्याची उंची पिरियडच्या निम्मी ठेवली, तर कमाल क्षेत्र साधारण १.७२ × शिल्लक चुंबकत्व × ई चा ऋण घात, आणि घातांक म्हणजे पाय (π) × गॅप ÷ पिरियड. निओडिमियमच्या चुंबकाचं शिल्लक चुंबकत्व १.२ टेस्ला घेतलं की ०.७५ टेस्लाच्या आसपास उत्तर येतं. कॅटलॉगमधला १.२ हा आकडा २० अंश सेल्सियसचा असतो. दर अंशामागे तो सुमारे ०.१ टक्क्याने घटतो, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी तोच चुंबक दोनेक टक्क्यांनी मऊ पडलेला असेल. रिंगच्या बोगद्याचं तापमान काटेकोर सांभाळतात, त्याचं हे एक कारण.

पुढे नागमोडीचा जोर सांगणारा के नावाचा आकडा: ०.९३४ × क्षेत्र टेस्लात × पिरियड सेंटिमीटरमध्ये. आपल्यासाठी ०.९३४ × ०.७५ × ५ = ३.५. इलेक्ट्रॉनचा गॅमा, म्हणजे त्याची ऊर्जा स्थिर असतानाच्या ऊर्जेच्या किती पट ते, २.५ जीईव्हीला सुमारे ४८९२. के भागिले गॅमा म्हणजे नागमोडीचा सर्वांत मोठा कोन, ०.७२ मिलिरेडियन. नागमोडीचा झोल येतो ५.७ मायक्रॉन. एवढ्याशा थरथरीने १७२ मीटरच्या रिंगला काय फरक पडणार, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं.

फरक पडतो तो उभ्या दिशेत. मधल्या पातळीच्या वर किंवा खाली चुंबकीय रेषा वाकलेल्या असतात, क्षेत्राचा काही भाग बीमच्या दिशेने पडलेला असतो. इलेक्ट्रॉन आडवा झुलत असतानाच हा भाग त्याला मध्याकडे ढकलतो. प्रत्येक ध्रुवापाशी झोल उलटतो, क्षेत्रही उलटतं, त्यामुळे ढकलण्याची दिशा मात्र तीच राहते आणि परिणाम साचत जातो. एकूण जोर = लांबी × क्षेत्राचा वर्ग ÷ (२ × ताठरपणाचा वर्ग). आपल्या अनड्युलेटरसाठी २ × ०.५६२५ ÷ (२ × ६९.५) = ०.००८०९ प्रति मीटर. याला बीटाने गुणून चार पायने भागलं की उभ्या ट्यूनमधला बदल: ०.००१९३. ट्यूनचा अपूर्णांकी भाग ०.२ धरला तर बीटामधली चढउतार १.३ टक्के. ध्रुव पुरेसे रुंद असतील तर आडव्या दिशेत जवळजवळ शून्य.

याच रिंगमध्ये याच जागी ५ टेस्लाचा, १ मीटर लांबीचा अतिवाहक विगलर ठेवून बघा. ट्यून ०.०४३ने सरकते, बीटाची चढउतार २८ टक्क्यांवर जाते. क्षेत्राचा वर्ग येतो म्हणजे काय होतं, ते इथे कळतं. अनड्युलेटरचं काम किरकोळ सुधारणेवर भागेल. विगलरसाठी शेजारच्या क्वाड्रुपोलची नव्याने जुळणी करावी लागेल.

दुसरी पायरी: मोकळी रिंग

ॲक्सेलरेटर टूलबॉक्सची पायथन आवृत्ती, म्हणजे पायएटी, बसवून घ्या. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेतला, मायकेल बोरलँड यांनी लिहिलेला एलिगंट हा प्रोग्रॅमही तितकाच तगडा आहे. नवख्याला पायएटी सोपा जातो, इतकंच. रिंगच्या चुंबकांची क्रमवार यादी म्हणजे लॅटिस. इन्सर्शन डिव्हाइस न घालता ट्यून, बीटा, क्रोमॅटिसिटी (ऊर्जा बदलली की ट्यून किती बदलते ते) काढा, प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहा आणि एका फाइलीत जपून ठेवा. पुढची सगळी तुलना याच फाइलीशी. लॅटिसमध्ये लिहिलेली ऊर्जा खरंच २.५ जीईव्ही आहे ना, हे डोळ्यांनी वाचा. सरावाची तयार लॅटिस उचलली असेल तर तिथे भलतीच ऊर्जा असते, आणि ताठरपणा तिथूनच चुकतो.

तिसरी पायरी: चुंबकाचं क्षेत्र

कागदावरचं सूत्र अनंत लांब आणि अनंत रुंद अनड्युलेटरचं आहे. खऱ्याला कडा असतात. त्यासाठी रेडिया वापरा. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनमध्ये १९९०च्या दशकात तयार झालेला हा प्रोग्रॅम आता पायथनमधूनही चालवता येतो. त्यात अवकाशाची जाळी आखावी लागत नाही. ठोकळे सांगायचे, त्यांचं चुंबकत्व सांगायचं, आणि हव्या त्या बिंदूवर क्षेत्र विचारायचं.

आधी मधलेच पाचसहा पिरियड बांधा आणि कमाल क्षेत्र कागदाशी जुळतंय का बघा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालेल, वीस टक्क्यांचा नाही. मग टोकं. अनड्युलेटर अचानक सुरू झाला आणि अचानक संपला तर इलेक्ट्रॉन तिरपा किंवा सरकून बाहेर पडतो. म्हणून टोकाच्या ध्रुवांचा जोर पायरीने चढवतात, पाव, पाऊण आणि मग पूर्ण, चिन्हं आलटूनपालटून. बीमच्या दिशेने क्षेत्राचं इंटिग्रल शून्याजवळ आलं की बाहेर पडताना कोन नाही. त्या इंटिग्रलचं पुन्हा इंटिग्रल शून्याजवळ आलं की सरकणं नाही. इंटिग्रल काढताना दोन्ही टोकांबाहेर गॅपच्या दहापट तरी अंतर घ्या. टोकाबाहेर पसरलेलं क्षेत्र कापलं गेलं की नसलेला कोन दिसायला लागतो.

०.०००१ टेस्ला-मीटर, कारखान्याच्या भाषेत १०० गाउस-सेंटिमीटर, एवढं इंटिग्रल उरलं तर काय होतं? कोन १२ मायक्रोरेडियन. ढकल बसते तिथे आणि कक्षा मोजतो तिथे, दोन्ही ठिकाणी बीटा १० मीटर धरला तर कक्षा दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरने हलते. रिंगवरच्या बाकीच्या प्रयोगवाल्यांना हे अजिबात खपत नाही.

आता ध्रुवांच्या रुंदीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण इथे कसलेली माणसंही फसतात. ध्रुव अरुंद असले की मध्यापासून बाजूला जाताना क्षेत्र उतरतं. त्यामुळे झुलणाऱ्या इलेक्ट्रॉनला झोलाच्या एका टोकाला किंचित जास्त आणि दुसऱ्या टोकाला किंचित कमी क्षेत्र मिळतं, आणि निव्वळ ढकल उरते. ही ढकल क्षेत्र × क्षेत्राचा उतार × पिरियडचा वर्ग अशा प्रमाणात वाढते. ताणलेल्या तारेने अनड्युलेटरचं इंटिग्रल मोजलं तर यातलं काहीच दिसत नाही. तार सरळ असते, इलेक्ट्रॉन झुलतो. तारेच्या मोजणीत चुंबक निर्दोष आणि रिंगमध्ये मात्र बीमचं आयुष्य घटलेलं, असं लांब पिरियडच्या उपकरणांत होऊ शकतं. ध्रुवीकरण बदलणाऱ्या ॲपल-२ जातीच्या अनड्युलेटरमध्ये तर चुंबकांच्या रांगा मध्ये चिरलेल्या असतात, तिथे हा दोष मोठा. बर्लिनच्या बेसी-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये त्यावर उतारा म्हणून निर्वात नळीला चपट्या तारा चिकटवून त्यातून वीजप्रवाह सोडतात.

चौथी पायरी: किक मॅप

दर फेरीला इलेक्ट्रॉनला या ठोकळ्यांच्या क्षेत्रातून पाऊल पाऊल नेलं तर हिशोब संपणारच नाही. इंडस-२मध्ये एक इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १७ लाख ४० हजार फेऱ्या मारतो. पास्कल एलोम यांनी १९९२मध्ये यावर तोड दिली: अनड्युलेटरमधून जाताना इलेक्ट्रॉनला एकूण किती ढकल बसते, ते आडव्या-उभ्या जागेनुसार एकदाच काढून तक्ता करून ठेवायचा. आपल्याकडे जॅकार्ड चादरीच्या मागाला नक्षी समजत नाही, तो फक्त कार्डावरची भोकं वाचतो आणि उभा धागा उचलतो किंवा सोडतो. नक्षीची सगळी अक्कल कार्ड पाडणाऱ्याने आधीच खर्च केलेली असते. किक मॅप हे तसलंच कार्ड. आणि कार्ड चुकलं की चादरभर तीच चूक उमटते, तसंच इथे दर फेरीला.

रेडिया हा तक्ता थेट काढून देतो. जागा आडवी उणे २० ते अधिक २० मिलिमीटर, उभी उणे ६ ते अधिक ६. आडवे ४१ बिंदू, उभे २५. बिंदूंची संख्या विषम ठेवा म्हणजे बरोबर मध्यावर एक बिंदू पडतो. तक्त्याची हद्द बीमच्या नळीपेक्षा लहान ठेवू नका, नाहीतर कडेचे कण तक्त्याबाहेर जाऊन काहीबाही वागतात.

या फाइलीत ढकल कोनात नसते. ती टेस्ला-वर्ग-मीटर-वर्ग या एककात असते आणि ऊर्जेपासून मोकळी असते. कोन हवा तर ताठरपणाच्या वर्गाने भागायचं. माझ्या विद्यार्थ्याने फाइल वाचणारा तुकडा स्वतः लिहिला होता, आणि तिथे त्याने ताठरपणाने एकदाच भागलं. म्हणून उत्तर बरोबर ८.३४ पटीने फुगलं. चुकलेल्या आकड्याला खऱ्याने भागायची सवय मी तेव्हापासून सगळ्यांना लावली आहे. भागाकार २ आला तर लांबी दोनदा गुणली किंवा अर्धा हा गुणक हरवला, ६.२८ आला तर दोन पाय, आणि ८.३४ आला तर काय ते आता माहीत आहे.

रिंगमध्ये घालण्याआधी तक्त्याच्या तीन परीक्षा घ्या. मध्यावरून १ मिलिमीटर वर गेल्यावर उभी ढकल ऋण हवी आणि आकडा ०.०००५६ च्या जवळ हवा. धन आली तर तक्त्याच्या ओळी उलट क्रमाने वाचल्या गेल्या आहेत आणि तुमचा अनड्युलेटर बीम एकवटण्याऐवजी पसरवतोय. दुसरी परीक्षा ५ मिलिमीटरवर. तिथे ढकल सरळ रेषेच्या अंदाजापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त हवी, कारण मध्यापासून दूर क्षेत्र झपाट्याने वाढतं. हा वाकलेपणाच पुढे कण गमावण्याचं मूळ ठरतो. तिसरी: वरखाली सममिती. सममित चुंबकाचा तक्ता सममित नसेल तर ठोकळे मांडण्यात कुठेतरी हात चुकला.

पाचवी पायरी: रिंगमध्ये बसवणं आणि सावरणं

सरळ तुकड्यातली २ मीटर मोकळी जागा काढा आणि तिथे तेवढ्याच लांबीचा किक मॅप घाला. एक मिलिमीटरही कमीजास्त झाला तर परीघ बदलतो आणि आरएफ, म्हणजे इलेक्ट्रॉनला ऊर्जा भरून देणारी रेडिओ लहरींची यंत्रणा, तिच्या वारंवारतेशी ताळमेळ तुटतो. ढकल एकाच बिंदूवर न देता २० तुकड्यांत वाटा. मग ४० करून बघा. ट्यूनच्या चौथ्या दशांश स्थळापर्यंत फरक नसेल तर २० पुरेत.

आता ट्यूनमधला बदल काढा. ०.००१९ आला? मग चहा घ्या. नसेल तर पुढे जाऊ नका, कारण यापुढच्या पायऱ्यांवर चूक इतक्या गोष्टींत मिसळते की ती निवडून काढता येत नाही.

सावरण्याची तऱ्हा परिणामाच्या आकारावर अवलंबून. लहान अनड्युलेटरला रिंगभरचे दोन क्वाड्रुपोल गट किंचित फिरवून ट्यून जागेवर आणली की भागतं. विगलरसाठी त्याच्या दोन्ही बाजूंचे क्वाड्रुपोल असे जुळवावे लागतात की सरळ तुकड्याबाहेर बीटा पूर्वीसारखाच दिसेल. बदल करताना क्वाड्रुपोलच्या वीजपुरवठ्याची मर्यादा तपासा. लॅपटॉपवर कोणताही चुंबक कितीही ताकदीचा होतो. कक्षेसाठी टोकाच्या दोन सुधारक कॉइलचे प्रवाह प्रत्येक गॅपला किती हवेत त्याचा तक्ता करायचा. प्रयोगवाला ऊर्जा बदलायला गॅप हलवत राहतो, म्हणून एका गॅपचं मॉडेल अपुरं. निदान सहा-सात गॅपला हे सगळं पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, पण तिसऱ्या गॅपपासून प्रोग्रॅमच करतो.

सहावी पायरी: कण टिकतात का

मध्यापासून दूरदूरच्या बिंदूंवर कण सोडायचे, हजारो फेऱ्या फिरवायचे, कोणते हरवतात ते बघायचं. टिकणाऱ्यांचा प्रदेश म्हणजे डायनॅमिक ॲपर्चर. किती फेऱ्या? वळणचुंबकांत इलेक्ट्रॉन फेरीमागे सुमारे ६२३ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो. २.५ जीईव्हीच्या दुपटीला त्याने भागलं की साधारण ८,००० फेऱ्या येतात. एवढ्या वेळात रिंग स्वतःच डोलणं शमवते, म्हणून त्यापलीकडे फिरवून नवीन काही कळत नाही. सुरुवातीची चाचपणी १,००० फेऱ्यांवर करा, शेवटची ८,०००वर.

निर्दोष रिंगमधलं ॲपर्चर फसवं असतं. चुंबक जरासे हललेले, जोर जरासा कमीजास्त, अशा यादृच्छिक चुका घालून वीसेक वेगवेगळ्या रिंग बनवा आणि प्रत्येक रिंग अनड्युलेटरसह व अनड्युलेटरशिवाय तपासा. तुलना जोडीजोडीने करायची, सरासऱ्यांची नाही. ॲपर्चर कुठे चावल्यासारखं दिसलं तर त्या कणांची ट्यून काढा. बहुतेक वेळा ती एखाद्या साध्या अपूर्णांकावर जाऊन बसलेली सापडते. मग मूळ ट्यूनच थोडी बाजूला नेणं हा सोपा उपाय.

या पायरीला वेळ लागतो, आणि वेळ लागला की आपल्याकडे वीज जाते. प्रत्येक रिंग संपली की निकाल डिस्कवर लिहा आणि प्रोग्रॅम शेवटच्या रिंगपासून पुन्हा सुरू होईल असा ठेवा. एकोणिसाव्या रिंगवर दिवे गेलेल्या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे.

ऊर्जेचा खर्च तुलनेने सोपा: ०.६३३ × ऊर्जेचा वर्ग × क्षेत्राचा वर्ग × लांबी (ऊर्जा जीईव्हीत, उत्तर हजार इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये). आपला अनड्युलेटर फेरीमागे साडेचार हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत खातो, ६२३ हजारांपुढे एक टक्काही नाही. ५ टेस्लाचा विगलर ९९ हजार खाईल आणि तेवढी भरपाई आरएफला करावी लागेल.

इंजेक्शनचा हिशोब

इंडस-२मध्ये इलेक्ट्रॉन येतात तेच मुळी ५५० एमईव्हीला, आणि २.५ जीईव्हीपर्यंत रिंगमध्येच चढवले जातात. कागदावरचं सूत्र परत काढा. एकवटण्याचा जोर ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे गॅप मिटलेली असेल तर इंजेक्शनच्या वेळी आपला शांत अनड्युलेटर २०.७ पटीने जोर लावतो. ट्यून ०.००१९ऐवजी ०.०४ने सरकते, जवळपास त्या ५ टेस्लाच्या विगलरइतकीच. इंटिग्रलमुळे येणारा कोन १२वरून ५४ मायक्रोरेडियनवर जातो. म्हणून बीम भरताना आणि ऊर्जा चढवताना गॅप पूर्ण उघडी ठेवायची आणि वर पोचल्यावर मिटवायची. मॉडेलमध्येही ही स्थिती वेगळी चालवा: लॅटिसची ऊर्जा ०.५५ जीईव्ही, किक मॅप उघड्या गॅपचा. उघडी गॅप म्हणजे नक्की किती मिलिमीटर, हे त्याच हिशोबातून ठरतं. आपल्या अनड्युलेटरला ८० मिलिमीटरवर क्षेत्र सुमारे ०.०१४ टेस्ला उरतं आणि ट्यूनमधला बदल ०.००००१४ च्या आसपास येतो. बार्शीवाल्याने हा शेवटचा आकडा आधी कागदावर काढून आणला, तेव्हा मी त्याला लॅपटॉप उघडायला सांगितलाच नाही.